चार पाने सुरवंटांसाठी

सापगावच्या घरासमोर फुलपाखरांची बाग करताना आम्ही आधी जागा ठरवली ती सासूबाईंच्या खुर्चीची. गुडघ्यांमुळे भातसेचा काठ त्यांना दुरावला; ओसरीतून दिसेल तेवढेच त्यांचे जग. म्हणून सकाळचे ऊन पडणारा ओसरीसमोरचा कोपराच निवडला. पंख उन्हात शेकल्यावाचून फुलपाखरांनाही नीट उडता येत नाही.

मकरंदासाठी झेंडू आणि जास्वंद लावले. मात्र फुले हा केवळ पाहुणचार. फुलपाखरांचा संसार वाढतो तो पानांवर. लिंबाच्या पानांवर ‘नीलवंत’ अंडी घालते, ज्याला २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या राज्य फुलपाखराचा मान मिळाला. पानफुटी आणि रुई यांवरही वेगवेगळी फुलपाखरे वाढतात. रुईचा चीक डोळ्यांना घातक, म्हणून ती हाताबाहेर, कुंपणापाशी ठेवली. उथळ परातीत ओली मातीही ठेवली. तिच्यातले क्षार फुलपाखरे शोषून घेतात.

श्रावणात सुरवंटांनी कढीपत्ता कुरतडला. नातू फवारणीचे औषध घेऊन आला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “फोडणीत चार पाने कमी पडली तर काय बिघडले? त्यांचे वाढते वय आहे.”

औषध बंदच राहिले. पूर्वी सकाळी आम्ही त्यांना विचारत असू, “आज दुखते आहे का?” आता आम्ही विचारण्याआधीच त्या सांगतात, “कालचा कोश फुटला बरे का!”