ठिगळं

पाय प्लास्टरमध्ये गेला आणि बऱ्याच दिवसांपासून राहून गेलेलं रेव्हिट, म्हणजे इमारतींचे आराखडे काढायचं सॉफ्टवेअर, शिकायला घेतलं. त्यात भिंत म्हणजे नुसत्या दोन रेघा नसतात. वीट, गिलावा, जाडी सगळं घेऊनच ती येते. प्लॅनमध्ये खिडकी सरकवली की एलिव्हेशनमध्येही आपोआप सरकते. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा किती हरखले होते!

डोळे थकले की मार्टिन चांबीची छायाचित्रं काढून बसते. पेरूमधल्या केचुआ भाषक घरातला हा माणूस कुस्कोत काचेच्या प्लेटांवर आपलीच माणसं टिपत होता. त्याचा १९२५ मधला पारुरोचा तो धिप्पाड माणूस नजरेसमोरून हलत नाही. अंगावरचे कपडे ठिगळांनी भरलेले. चांबीने प्रकाश असा धरलाय, की ती ठिगळं लपत नाहीत आणि केविलवाणीही होत नाहीत. माणूस ताठ उभा. कोणी घातले असतील ते टाके? त्यानेच, की घरातल्या कुणी, संध्याकाळी दारात बसून?

रेव्हिटमध्ये भिंतीचा प्रकार बदलला की तशा सगळ्या भिंती एका क्षणात बदलतात. जुन्याची खूणही उरत नाही.

आज जिना काढायचा होता. फाइल उघडली, आणि पुन्हा त्या माणसाच्या ठिगळांच्या बाहीपाशीच येऊन थांबले.