पटाशीचं पाणी

परवा परभणीला घरी गेलो तेव्हा ऑनलाइन मागवलेली चकचकीत पटाशी सोबत नेली होती. बाभळीच्या पहिल्याच तुकड्यावर तिची धार गेली! शेजारचे सुतारकाका हसले, "चकाकी काय बघायलास? पाणी बघ." त्यांची पटाशी घिसाड्यानं ट्रकच्या जुन्या स्प्रिंग-पाट्यातून घडवलेली. पोलाद लालभडक तापवून विझवायचं. मग धारेवर गवती पिवळा रंग येईस्तोवर, म्हणजे साधारण २२०-२३० अंशांपर्यंत, पुन्हा हलकं तापवायचं. थर्मामीटर वगैरे काही नाही, नुसती नजर. मी लगेच त्या घिसाड्याचा पत्ता विचारला.

"पाल उठलं की पत्ता संपला. दोन वर्षं झाली, आलाच नाही."

पटाशीवर नावही नाही. शोधणार कसा? तोवर काका त्या पटाशीला कुणाला हात लावू देत नाहीत. मलाही नाहीच दिली.