बार न काढतां

शॅम्पेनच्या जातीची फेंसाळ मदिरा उघडतांना बुचाचा बार झालाच पाहिजे, असा समज चित्रपटांनीं आमच्या सुशिक्षित मंडळींत रूढ केला आहे. आमचें मत अगदीं उलट आहे. त्या बाटलीच्या पोटांत मोटारीच्या चाकांतील दाबाच्या दुपटीहून अधिक दाब कोंडलेला असतो. सुटलेलें बूच पाहुण्याचा डोळा फोडूं शकतें. आणि मागून जो फेंस सतरंजीवर जातो, तो यजमानानें दाम मोजून आणलेला असतो.

ज्या दोम पेरिन्यों नामक फ्रेंच साधूच्या नांवावर हे बुडबुडे जमा आहेत, तो ओव्हिलेच्या मठांत आला १६६८ सालीं. मद्यांत साखर घालून तें फेंसाळ करण्याची रीत क्रिस्टोफर मेरेट या इंग्रजानें १६६२ सालींच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडली होती. (श्रेयाची ही गत आम्हां प्राध्यापकांस अपरिचित नाहीं.)

आतां ही मदिरा नाशिकासही होते. तेथेंच गेल्या हिवाळ्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें, मुलगी पदवीधर झाली म्हणून, आम्हांस भोजनास बोलाविलें होतें. त्याचे वडील वारकरी. गळ्यांत तुळशीची माळ, आणि उभा जन्म द्राक्षबागेंत गेलेला. ‘आजोबा पंगतीस नसतील तर बाटलीही नको,’ असें नातीनें बजावलें होतें. ते आले, कोकम सरबताचा पेला पुढें घेऊन बसले. पण मुलाकडे पाहीनात.

पाहुण्यांतील एक तरुण बाटली हलविण्याचा आग्रह करूं लागला. यजमानानें ती त्याच्या हातीं दिली नाहीं. बाटली आधींच चांगली गार केलेली होती. त्यानें तारेच्या जाळीचे सहा अर्धे वेढे उलगडले, पण अंगठा बुचावरून क्षणभरही हलविला नाहीं. मग बाटली तिरपी धरून, बूच मुठींत घट्ट आवळून, बाटलीच तेवढी हळूहळू फिरविली. झोपलेल्या मुलानें कूस बदलावी, एवढाच आवाज झाला. उंच, निमुळत्या पेल्यांत आधीं थोडी ओतून त्यानें फेंस बसूं दिला, मग पेले भरले.

तेव्हां आजोबांनीं प्रथम मान वळविली. नातीच्या पेल्यांत वर चढणारी बुडबुड्यांची सर ते बराच वेळ पाहत राहिले.

“एका बाटलीला द्राक्षें किती लागतात रे?”

“किलोहून थोडीं अधिक, अप्पा.”

“आणि शेतकऱ्याला भाव काय देतात?”

यजमान आपला पेला तसाच ठेवून त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला, आणि पुरणपोळ्या येईपर्यंत बापलेकांचा हिशेब चालला होता.