वारुळावरची अळंबी

श्रावण लागला की आमच्या कुडाळकडच्या घरात मटण बंद. नेमकी त्याच दिवसांत बांधावरच्या वारुळाभोवती अळंबी उगवायची. उजाडायच्या आत आजी मला उठवायची, कारण एकदा गुरं सुटली की सगळी तुडवली जात. छत्री माझ्या पंजाहून मोठी, मधोमध तपकिरी टोक, कडा पांढरी आणि चिरफाळलेली. देठ मात्र संपतच नसे. ओल्या मातीत बोटं खुपसून मी तो ओढत असे, आणि मागून आजी म्हणे, ‘हळू ओढ गो, मूळ तुटाक देव नको.’

ते मूळ नव्हेच, हे कॉलेजात कळलं. देठच तेवढा खाली, वाळवीच्या घरापर्यंत जातो. वाळवी चावलेला पालापाचोळा तिथे रचते, त्यावर ही बुरशी वाढवते आणि तीच खाते. या वंशाला टर्मिटोमायसिस हे नाव १९४२ मध्ये मिळालं. वाळवीचं हे शेत आजीला ठाऊक नव्हतं, पण वारुळाला तिनं कधी कुदळ लावू दिली नाही. अनोळखी जागची अळंबीही तिनं कधी घरात आणली नाही.

रांधताना ती आधी तेल घालायचीच नाही. जाडसर फोडी कोरड्या कढईत टाकायच्या, सुटलेलं पाणी आटू द्यायचं, मग कांदा, भाजक्या खोबऱ्याचं वाटप, शेवटी दोन सोलं. कितीही शिजवा, फोड दाताला लागतेच. कुर्ल्यांच्या कवचात असतं ते कायटिन अळंबीच्या पेशींच्या भिंतीतही असतं, आणि ते उकळून विरघळत नाही. ताटातलं मटणाचं समाधान खरं तर ह्या चावण्यातच होतं.

पुण्यात आता पोर्टोबेलो मिळतात. आपलं बटण मशरूमच ते, तपकिरी जातीचं, पूर्ण उमलू दिलेलं. मी तेही कोरड्या कढईतच टाकते. चव उतरते, पण अळंबीचा तो ओल्या मातीचा वास येत नाही.

तीन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना बांधासकट वारूळ जेसीबीखाली गेलं. एका दुपारचं काम. माझ्या पोटात अजून कालवतं.

पोर्टोबेलो चिरण्याआधी मी उलटं करते. देठ सुरीनं सपाट कापलेला असतो. तरी त्याच्या टोकावरून बोट फिरतंच.