दादाची पट्टी

आमच्या थोरल्या दादाने गाणे सोडले. शहापूर तालुक्यातल्या आमच्या खेड्यात ही काही साधीसुधी बातमी नव्हे. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेचा काकडा नि त्यात दादाचा आवाज, हे गणित कित्येक वर्षे चालत आलेले. माहुली गडावर उजाडण्याआधी तो आवाज वेशीपर्यंत पोचे. पण साठी जवळ आली, तारषड्जावर गळा चिरकू लागला, नि दादा मुकाट्याने मागे टाळकऱ्यांत जाऊन उभा राहिला.

"दादा, पट्टी उतरव की!" मी प्राध्यापकी थाटात सांगून पाहिले. "आपल्या संगीतात षड्ज कुठेही धरता येतो."

"आमची पट्टी पांढरी चार," दादा म्हणाला. "ती उतरली म्हणजे आम्ही उतरलो."

यावर माझ्या एम. ए.च्या पदवीजवळ उत्तर नव्हते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो, तर नेहमीचा पेटीवाला आजारी. त्याच्या जागी मुरबाडकडचे एक पाहुणे बसले होते. मंडळींनी आग्रहाने वीणा दादाच्या गळ्यात घातली होती. पाहुण्यांनी दादाला बोलते केले. भात कसे आहे, थंडी कशी आहे. कान मात्र त्याच्या बोलण्याचा सूर टिपत होते. मग त्यांनी वीणा मागून घेतली नि खुंट्या हलकेच सैल केल्या. पखवाजवाल्याने काही न विचारता हातोडीने गठ्ठे वर सरकवले. टाळांचे बरे असते. त्यांना कुठलीही पट्टी चालते!

पेटीवर पांढरी चार जाऊन काळी दोन लागली. म्हटले तर ही दोनच पट्ट्यांची उतरण, पण वाजवणाऱ्याची सारी बोटे घर बदलतात. पांढरी चारचा पंचम पांढरीवर सापडतो, काळी दोनचा काळी पाचवर. गाणाऱ्याला सुख व्हावे म्हणून ही अडचण साथीदार सोसतो. मिरजेचे कारागीर पुरुषांसाठी मोठा नि बायकांसाठी लहान तंबोरा घडवतात तेही याचसाठी. सोळाव्या शतकातल्या युरोपात ल्यूट नावाचे तंतुवाद्य गाण्याच्या साथीला असे. त्याच्या लिपीत सूर नव्हे, तर बोट कुठे ठेवायचे तेच लिहिलेले असे. गळा उंच असला तर लहान ल्यूट घ्यावी, लिपी तीच. सगळीकडे वाद्यानेच गळ्याकडे जायचे असते.

दादाने अभंग उचलला. तारषड्ज जवळ आला तसे मी डोळे मिटून घेतले. गळा चिरकला नाही.

आरतीनंतर दादाने विचारले, "आज पट्टी कुठली होती हो?"

"तुमचीच, दादा," भाता बंद करीत पाहुणे म्हणाले.

दादा हसला. त्याला सारे कळले होते.

आसनगावला परतीच्या गाडीत बसलो नि मला माझा वर्ग आठवला. शेवटच्या बाकावर मुरबाडकडचाच एक मुलगा बसतो. त्याने कधी तोंड उघडले नव्हते. मी रोज माझ्या पांढरी चारमध्ये व्याख्यान देत होतो, नि तो तिथे पोचत नाही याचा दोष त्याच्या गळ्याला देत होतो.

सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला मी पुस्तक उघडलेच नाही. त्याला म्हटले, "तुमच्याकडे भात कसे झोडतात, ते सांग पाहू."

तो चाचरत उभा राहिला, नि तास संपल्याची घंटा झाली तरी बोलतच होता.