पिवळा सदरा

आमच्या कपाटात एक पिवळा सदरा घडी करून ठेवलेला आहे. तो मुंबई एफसी ह्या फुटबॉल संघाचा. संघ आता नाही. सदरा मात्र आहे.

२००७ साली हा संघ जन्मला. इंग्लंडच्या डेव्हिड बूथ ह्यांच्या मार्गदर्शनाखाली २००८ मध्ये त्याने आय-लीगची दुसरी श्रेणी जिंकली आणि तो वरच्या श्रेणीत गेला. २००९ पासून सुमारे सात वर्षे खालिद जमील त्याचे प्रशिक्षक होते. विजेतेपद लाभले नाही. पण वरच्या श्रेणीतील जागा त्यांनी राखली.

२०१३ साली डहाणूपर्यंत लोकल धावू लागली आणि पामहून कूपरेज गाठणे सोपे झाले. बोईसरला गाडी पकडावी, चर्चगेटला उतरावे आणि धाकट्याचा हात धरून ओव्हल मैदानाकडेने चालत जावे. कारखान्यातील पाळी सांभाळून वर्षाकाठी दोन-तीन सामने पाहणे होई.

२०१७ साली नियतीने विलक्षण खेळ मांडला. जमील ह्यांनी मिझोरमच्या ऐजॉल संघाला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले आणि त्याच हंगामात त्यांचा जुना संघ तळाशी जाऊन पदच्युत झाला. मुंबई एफसी पुन्हा उभा राहिला नाही. राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेडही २०१० साली असाच विसर्जित झाला होता. जमील मात्र २०२५ साली भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

"डॅडी, हरलेला संघ पुढच्या वेळी जिंकतो. पण बंद झालेला?" धाकट्याने विचारले. मला उत्तर सुचले नाही. कारण एक संघ मीही बंद पाडला होता.

तरुणपणी भातकापणीनंतरच्या शेतात आम्ही गावची मुले खेळत असू. संघाला नाव नव्हते. वर्गणीतून घेतलेला चेंडू माझ्या घरी असे. मला तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली, रात्रपाळी सुरू झाली आणि मी जाणे सोडले. चेंडू मात्र परत करायचे राहून गेले. आठवडाभर मुले दाराशी येऊन गेली. पुढे कोणीच आले नाही. संघ बुडतो तो पैशांअभावी, असे आपण म्हणतो. आमचा संघ माझ्या आळसापायी बुडाला.

हे मी मुलाला सांगितले. तो काही बोलला नाही. दुसऱ्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आम्ही दोघांनी बोईसरच्या बाजारातून नवा चेंडू आणला आणि तो शेजारच्या मुलांच्या घरी ठेवला. आमच्या घरी नव्हे.