एफ फॉर्म आणि कुलपातलं रजिस्टर

तालुक्याच्या गावी एका प्रसूतिगृहात ‘रेकॉर्ड बघायला मुलगी पाहिजे’ असं कळलं आणि मी रुजू झाले. बी. कॉम. झालेल्या मुलीला रेकॉर्ड म्हणजे केसपेपर, बिलं आणि फायली एवढंच ठाऊक. अनोळखी बायकांना शेवटच्या पाळीची तारीख विचारायची आणि ती चेहरा कोरा ठेवून लिहून घ्यायची, हे त्यात येतं याची कल्पनाच नव्हती.

सिस्टरनी सगळ्यात आधी एफ फॉर्म पुढ्यात टाकला. सोनोग्राफीला येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईचा तो भरायचा. नाव, वय, पूर्ण पत्ता, फोन, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, हयात मुलगे किती, मुली किती, त्यांची वयं, कुणी पाठवलं, कशासाठी पाठवलं. शिवाय बाईनं लिहून द्यायचं की मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. “एक रकाना मोकळा दिसता कामा नये,” सिस्टर म्हणाल्या. मला वाटलं, बाई कडक शिस्तीच्या दिसतात. पण शिस्त त्यांची नव्हती, गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याची होती. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे नोंदीत उणीव राहिली की कायद्याचा भंग झाला असंच धरलं जातं. तो झाला नाही हे सिद्ध करणं सोनोग्राफी करणाऱ्याकडे. डॉक्टरांची संघटना याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली होती. २०१९ मध्ये न्यायालयानं तरतूद कायम ठेवली. म्हणजे ‘अहो, लिहायचं राहून गेलं’ हे वाक्य आमच्या टेबलावर बाद.

एवढा कडकपणा कशाला, हे एका सासूबाईंनी समजावलं. मी सुनेला मुलं किती ते विचारत होते आणि उत्तरं त्या देत होत्या. “दोन. दोन्ही पोरीच.” मग काउंटरवर वाकून हळूच म्हणाल्या, “बाई, नुसतं एवढंच सांगा, पेढा का बर्फी?” मला वाटलं, डिस्चार्जच्या वेळी काय वाटायचं ते विचारतायत. “ते तुमचं तुम्ही ठरवा की,” मी म्हटलं. मागे फरशी पुसणाऱ्या मावशींनी कपाळावर हात मारला आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं: ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.’ पेढा म्हणजे मुलगा, बर्फी म्हणजे मुलगी. असा कायदा देशात सगळ्यात आधी, १९८८ मध्ये, आपल्याच राज्यानं केला. त्यानंतरही २००१ ते २०११ च्या जनगणनांमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचं प्रमाण दर हजार मुलग्यांमागे ९१३ वरून ८९४ वर आलं. गरज होती, हे मग पटतं.

पण बोळातून पलीकडच्या खोलीत गेलं की सगळं उलटं! गर्भपाताचं रजिस्टर कपाटात, कुलपात. त्यात बाईचं नाव लिहून अनुक्रमांक आणि साल टाकायचं. पुढे केसपेपर, ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर, पुन्हा तपासणीचं कार्ड, कुठेही नाव येता कामा नये, फक्त नंबर. संमतीपत्र आणि डॉक्टरांचं मत पाकिटात घालून सीलबंद, वर ‘गोपनीय’. महिन्याचा अहवाल वर जातो तोही निव्वळ आकड्यांचा. नाव बाहेर फोडलं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. इकडे रकाना मोकळा राहिला तर धास्ती, तिकडे भरला गेला तर धास्ती. आणि गंमत अशी, की गर्भपाताआधी त्याच बाईची सोनोग्राफी होते, तिचा एफ फॉर्म नाव-पत्त्यासकट भरला जातो. मग लपवलं काय? सिस्टर म्हणाल्या, “दोन कायदे, दोन फायली. एकीतलं दुसरीत न्यायचं नाही.” अजूनही मला ते पुरतं पचलेलं नाही.

बाहेर बसलेल्या निम्म्या लोकांना तर गर्भपात कायद्यानं बंदच आहे असं वाटतं. पोस्टरं सगळी लिंगनिदानाची. १९७१ पासून गर्भपाताला कायद्याचा आधार आहे, हे सांगणारं एखादंसुद्धा दिसत नाही. हा मला सरकारी प्रचाराचा दोषच वाटतो. ‘पिशवी साफ करायचीय’ असं कुजबुजत येणाऱ्या बाईला आधी हेच सांगावं लागतं की इथे चोरीचं काही नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही ठरावीक परिस्थितींत चोवीसपर्यंत, पण दोघांच्या मतानं. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं.

नवरे मात्र पेन काढूनच येतात. “माझी सही कुठं?” नाही लागत. अठरा पूर्ण झालेल्या बाईची संमती तिची एकटीची. मानसिक आजार असेल तरच पालकाची घ्यायची. हे ऐकून एकानं मला नियम दाखवायला लावला, वाचला, आणि तरीही “आमच्याकडं अशी पद्धत नाही” म्हणाला.

परवा एक मुलगी एकटीच आली. लग्न न झालेली. गर्भनिरोधक फसलं तर आता कायदा ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ म्हणतो, लग्नाची अट राहिलेली नाही; २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चोवीस आठवड्यांपर्यंतची मुभाही अविवाहितेला आहे असं स्पष्ट केलं. हे सगळं मी तिला सांगायच्या तयारीत होते. ती एफ फॉर्मवर अडली होती. “पत्ता खरा लिहायचा? घरी पत्र येतं का?” मी सिस्टरांकडे पाहिलं. “पत्ता खराच लिही. घरी काही जात नाही आपल्याकडून,” त्या म्हणाल्या, “पण फोन नंबर घरचा देऊ नकोस, तुझा दे. रिपोर्टचा फोन तिथंच जाणार.”

आता मी तो रकाना येण्याआधीच हे सांगते.